थोडंसं तरी चालेल ना?

किस्से जमा करायला काही जणांना गावभर फिरावं लागतं. मला नाही लागलं. "माझ्या मुलीला दूध चालत नाही," एवढं एक वाक्य बोलायचं, की समोरचा माणूस आपणहून किस्सा होतो! दहा-अकरा वर्षं मी हे वाक्य बोलले. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत बोलले, शाळेत बोलले, लग्नाच्या हॉलमध्ये बोलले, देवळाच्या पायरीवर बोलले. बोलून बोलून जीव मेटाकुटीला आला. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगते, पण मध्येच "म्हणजे अगदी अजिबात नाही?" असं विचारायचं नाही. विचारलंत तर मी उठून चहा टाकायला जाईन आणि परत येणार नाही.

मुलगी म्हणजे सई. ती आठ महिन्यांची असताना कळलं, की दुधाचा थेंब पोटात गेला की हिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात आणि छाती घरघरायला लागते. दूध, दही, लोणी, तूप, खवा, पनीर सगळं बंद. डॉक्टर म्हणाले, "मोठी होईल तसं कदाचित जाईल." त्या 'कदाचित'वर मी पुढची सगळी वर्षं काढली.

* * *

सई दोन वर्षांची असतानाचं हळदीकुंकू. शेजारच्या काकू मसाला दुधाचा पेला घेऊन थेट तिच्यासमोर.

"काकू, तिला दूध नको. ॲलर्जी आहे."

"अगं बाई! मग दही देते वाटीभर."

"दहीपण नाही चालत."

"ताक? पातळ करून देते."

"नाही हो काकू."

काकू विचारात पडल्या. "बरं, तुमच्याकडे म्हशीचं असेल. हे गाईचं आहे."

"गाईचंही नाही."

काकूंना फार वाईट वाटलं. खरंच वाटलं, डोळ्यांत दिसत होतं. मग एकदम चेहरा उजळला. "मग पेढा देते की! पेढ्यात कुठे दूध दिसतं?"

तसंच कळंबोलीच्या एका लग्नात. मी केटररला आधी दोनदा फोन केला होता, तिसऱ्यांदा प्रत्यक्ष जाऊन पंगतीच्या मागे उभी राहिले. विचारलं, "दादा, या खिरीत दूध आहे का?"

"छे छे ताई! आपण दूध वापरतच नाही. नासायची भीती. सगळं पावडरचं!"

* * *

आता अप्पांचं सांगते. अप्पा म्हणजे माझे सासरे. बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. मी आणि माझा नवरा मिलिंद दोघंही नोकरीवर, म्हणून सई दिवसभर अप्पांजवळ. जीव होता त्यांचा तिच्यावर. पुढे घालायचं आणि भरवायचं, एवढंच त्यांना प्रेम कळायचं.

सई तीन वर्षांची होती. शनिवारची सकाळ, मी भाजी आणायला मार्केटात गेलेली. परत आले तर सई सोफ्यावर, ओठ सुजलेले, मान लाललाल, आणि श्वास असा की जिन्यात ऐकू यावा. अप्पा तिच्यासमोर उकिडवे बसलेले. हातात शिऱ्याची वाटी.

"अप्पा, काय दिलंत?"

"शिरा. पाण्यातला! दुधाला हात लावला नाही, शप्पथ."

"तूप?"

"तूप घातलं ना. तुपाशिवाय शिरा कसा होईल? पण तू दूध नको म्हणालीस. तूप म्हणजे तूप!"

वादाला वेळ नव्हता. रिक्षा, हॉस्पिटल, इंजेक्शन, नाकाला वाफ. अप्पा रिक्षात वाटी घेऊनच बसले होते, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांनी झापलं तेव्हा काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मी आधी चार घास खाऊन बघितला होता. मला काही झालं नाही!"

आज हसू येतं. त्या दिवशी नव्हतं आलं. मी त्यांना जे बोलले ते इथे सांगत नाही. सुनेने सासऱ्याला बोलू नये असं होतं, आणि आईने बोलावं असंच होतं.

सई दोन दिवसांत घरी आली, खेळायला लागली. पण एक सवय तिला लागली ती लागलीच. अप्पांनी काहीही पुढे केलं की ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मगच तोंड उघडायची. बिस्कीट असो, चुरमुरा असो. एकदा अप्पांनी तिच्यासमोर केळं सोललं. सालीतून काढलेलं अख्खं केळं! तिने माझ्याकडे बघितलं.

"केळ्यात मी काय घालणार गं?" अप्पा म्हणाले. हसत म्हणाले, पण मग उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

* * *

आमचा ग्रुप जमला तो जुन्या पनवेलमध्ये डॉक्टरांच्या बाकड्यावर. माझ्या एका बाजूला रुखसाना, तिच्या मांडीवर झोया. सईच्याच वयाची आणि सईचंच दुखणं. दुसऱ्या बाजूला ओवे गावची वनिता. ती नवऱ्यासाठी आली होती. पांडुरंगभाऊ ट्रेलर चालवायचे आणि त्यांना दूध पचायचं नाही.

"आमच्या मालकांना दूद पचत नाय," वनिता सांगत होती. "पोट फुगतं, रातभर येरझारा. पन दुदाची चाय दिसातून पाच येला लागते!"

"मग सोडत का नाहीत?"

"मी बोलली सोडा, तर बोलतात, चाय कुटं दूद हाय? चाय ती चाय!"

मी आणि रुखसानाने एकमेकींकडे बघितलं. तूप म्हणजे तूप, चाय ती चाय. तिथेच मैत्री झाली.

मग दर रविवारी दुपारी आमच्या ओट्याशी बिनदुधाचे प्रयोग. पोरींनी गोड खावं, सणाला त्यांच्या ताटात नुसती साखर नको, एवढीच इच्छा होती. पहिला प्रयोग बासुंदी. नारळाचं दूध काढून मी गॅसवर खळाखळा उकळलं. पाच मिनिटांत वर तेल, खाली चोथा! वनिता कपाळावर हात मारून म्हणाली, "नारलाचा रस उकलवतात काय गो? रस नुस्ता गरम करायचा! तुमी शिकलेल्या बाया ना?"

दुसरी कुल्फी. काजू वाटून, नारळाचं दाट दूध, गूळ, वेलची. जमली हो! निदान आम्हाला वाटलं. पांडुरंगभाऊंना चाखायला बोलावलं. त्यांनी एक घास घेतला, टाळ्यावर जीभ फिरवली, अजून एक घेतला.

"कशी झालीय भाऊ?"

"झकास हाय. उरली तर डोक्यालाबी लावतो!"

पुढच्या रविवारी आम्ही नारळ कमी केला, काजू वाढवले.

* * *

सईचा पाचवा वाढदिवस. म्हटलं, एकदा तरी दुकानातला केक, इतर मुलांसारखा. पनवेलच्या एका केकवाल्याकडे गेले. सगळं समजावलं. दूध नाही, लोणी नाही, क्रीम नाही. तो मान डोलवत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा थँक यू म्हटलं.

केक आणायला गेले तर खोक्यावर हिरवा ठिपका. "मॅडम, एकदम शुद्ध! अंड्याचा अंशही नाही."

"अहो, अंडं चाललं असतं! दूध नको होतं."

तो माझ्याकडे दयेने बघायला लागला. "मॅडम, अंडं काढलं तर त्याच्या जागी काहीतरी घालावं लागतं ना? डबाभर कंडेन्स्ड मिल्क घातलंय. तुमच्यासाठी स्पेशल!"

तो केक सोसायटीच्या वॉचमनने खाल्ला. सईने बिनतुपाच्या पोळीच्या लाडवावर मेणबत्ती लावली.

* * *

रुखसानाचं दुःख वेगळंच होतं. ईदला तिने झोयासाठी शीरखुर्मा केला. काजूचं दूध, खोबऱ्याचं दूध, तेलात परतलेल्या शेवया, खजूर, चारोळी. सकाळपासून राबली बिचारी. बाकीच्यांसाठी नेहमीचा मोठं पातेलंभर, झोयासाठी एक छोटं भगुलं.

पाहुणे आले. कुणीतरी विचारलं, "हे वेगळं काय आहे?" रुखसानाने हौसेने सांगितलं. मग खाला म्हणाली, जरा चव बघू. मामू म्हणाले, जरा चव बघू. नणंदेची तीन पोरं म्हणाली, आम्हालापण. चव बघून बघून भगुलं पुसून निघालं! मोठ्या पातेल्याला कुणी हात लावलेला नाही आणि झोया रिकामी वाटी घेऊन उभी.

"सगळ्यांनी एवढी तारीफ केली," रुखसाना रविवारी सांगत होती, "की मला रडूसुद्धा येईना. तौबा! बिनदुधाचं करणं सोपं आहे गं, ते पोरीच्या तोंडापर्यंत पोचवणं कठीण."

तेव्हापासून आमचा नियम झाला. कुणी कौतुकाने "काय वेगळं केलंय?" विचारलं, की म्हणायचं, "औषध आहे."

* * *

सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजा कमी नव्हत्या, आणि प्रसादाच्या शिऱ्यात दूधही आणि तूपही. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. सई शहाणी. प्रसाद हातात घ्यायची, कपाळाला लावायची आणि शेजारी बसलेल्या अप्पांच्या हातावर ठेवायची. अप्पा स्वतःचाही खायचे, तिचाही खायचे. एकेका श्रावणात आठ-आठ पूजा!

सात-आठ वर्षांनी अप्पांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, गोड फार खाता का?"

"मी माझ्यापुरतंच खातो हो," अप्पा म्हणाले. "नातीच्या वाट्याचं देवाला परत कसं देणार?"

* * *

एक मात्र सांगायला हवं. शिऱ्याच्या त्या प्रकारानंतर अप्पा बदलले. बदलले म्हणजे वर्कशॉपच चालू केलं त्यांनी घरात! सईची भांडी वेगळी काढली. कढई, पातेलं, उलथनं, कुकर, प्रत्येकाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका. लाल ठिपक्याच्या भांड्याला दुधाचा हात लावायचा नाही. मी एकदा घाईत लाल ठिपक्याच्या चमच्याने चहात साखर ढवळली, तर त्यांनी तो चमचा माझ्यासमोर कचऱ्यात टाकला. मी काय बोलणार?

मग, त्या दुकानातल्या केकच्या फजितीनंतर, ते केक शिकले. वनिताकडून नारळाचं दूध काढायला शिकले आणि बाकी स्वतःच्या डोक्याने. आमच्याकडे ओव्हन नव्हता. अप्पा मूळचे आपटा गावचे. तिथून पाताळगंगेची वाळू गोणीभर घेऊन आले, सात पाण्यांनी धुतली, बाल्कनीत चादरीवर वाळत घातली. खालच्या मजल्यावरचे काका वर विचारायला आले, "बांधकाम काढलंय का? सोसायटीची परवानगी घेतलीत?"

"केक काढलाय," अप्पा म्हणाले.

कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाला वाळू, वाळू तापली की आत भांडं. रवा, गूळ, तेल, नारळाचं दूध, वेलची, शेवटी सोड्यावर लिंबू पिळायचं. इंजिन ऐकावं तसे ते कुकरला कान लावून उभे राहायचे. केक असा फुलायचा की रुखसाना, वनिता, सगळ्यांनी पद्धत उचलली. मग कुठून कुठून फोन यायला लागले. कुणाच्या पोराला दूध नको, कुणाच्या आईला नको. अप्पा फोनवर सगळ्यांना सांगायचे, "आधी भांड्याला लाल ठिपका मारा. रवा नंतर."

दर रविवारी ते पहिली वडी कापून सईपुढे धरायचे. दर रविवारी सई माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे, ती खायची. पाच वर्षं! अप्पांनी कधी तक्रार केली नाही. फक्त वडी धरलेला हात थोडा वेळ तसाच हवेत राहायचा आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघायचे. मला ते बघवत नसे. सईला किती वेळा म्हटलं, "अगं, अप्पांनी केलंय, खा ना सरळ." ती म्हणायची, "हो," आणि पुढच्या रविवारी पुन्हा माझ्याकडे बघायची.

* * *

सई दहा वर्षांची झाली तेव्हा मुंबईच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता परीक्षा घेऊन बघू. भाजलेल्या पदार्थातलं दूध काही मुलांना मोठेपणी चालायला लागतं. हॉस्पिटलमध्ये आमच्या देखरेखीखाली कणभर, मग घासभर, मग वडीभर द्यायचं. सोसलं तर अर्धी लढाई जिंकलो. "घरून काहीतरी करून आणा. ती नेहमी आवडीने खाते तेच, फक्त त्यात मोजून दूध घाला. अनोळखी पदार्थ असला की मुलं तोंड उघडत नाहीत."

"काय आणायचं सई?" मी विचारलं.

"अप्पांचा केक," सई म्हणाली.

अप्पांच्या चेहऱ्याचा रंगच गेला. "मी? मी नाही. तुझी आई करेल."

"आईचा बसतो," सई म्हणाली. खरं होतं ते.

खरं सांगते, मी थकले होते. दारादारात उभं राहून "यात काय घातलंय" विचारून थकले होते. डबे भरून थकले होते. लोकांच्या "थोडंसं तरी"ला हसून हसून गाल दुखायला लागले होते. ही परीक्षा पास व्हावी म्हणून मी काय काय नवस बोलले ते माझं मला माहीत. तर परीक्षेच्या दिवशी सकाळी मी कपभर दूध मोजून ओट्यावर ठेवलं, अप्पांना दोनदा दाखवलं, म्हटलं, नारळाच्या ऐवजी हे. ते म्हणाले, "हं." मी सईची वेणी घालायला गेले. परत आले तेव्हा कप रिकामा होता आणि कुकर गॅसवर.

हॉस्पिटलमध्ये आम्ही चौघं. सई पलंगावर, बोटाला क्लिप, शेजारी इंजेक्शन भरून ठेवलेलं. मिलिंद भिंतीला टेकून. अप्पा खुर्चीत, मांडीवर डबा. नर्सने कणभर तुकडा काढला. सईने तोंड घट्ट मिटलं. डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं. मी जोरजोरात मान हलवली. सई म्हणाली, "तू कंटाळलीयस, म्हणून हो म्हणतेयस."

मी मान हलवायची थांबवली.

मग ती म्हणाली, "अप्पांना देऊ दे."

अप्पा उठले. तुकडा हातात घेतला. नर्सने खालून वाटी धरली. सईने अप्पांच्या तोंडाकडे बघितलं, नीट, बराच वेळ. आणि तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही! सात वर्षांत पहिल्यांदा. मी मिलिंदचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्याला वळ दाखवायला होते.

वीस मिनिटं थांबलो. काही नाही. घासभर दिला. काही नाही. अर्धी वडी, अख्खी वडी. दोन तास झाले, ना गांधी, ना सूज, ना घरघर. डॉक्टरांनी छाती तपासली, ओठ बघितले आणि हसले. "छान! हिला भाजलेलं दूध सोसतंय."

मी पॅसेजमध्ये जाऊन रडले. रुखसानाला फोन केला, ती रडली. वनिताला फोन केला, ती म्हणाली, "नारल फोडते गो!" मिलिंद खाली जाऊन सगळ्या नर्सेससाठी वडापाव घेऊन आला.

आत आले तर अप्पा तसेच खुर्चीत. मान खाली. डबा बंद करायचे, उघडायचे.

"अप्पा, अहो, झालं सगळं! तुमच्या हातून झालं!"

"सूनबाई," अप्पा म्हणाले, "डॉक्टरांना जरा थांबव."

"काय झालं?"

"ते दूध... दोनदा उचललं गं. हात पुढे जाईना."

"म्हणजे? कप तर रिकामा होता!"

"मी पिऊन टाकलं. केक आपला नेहमीचाच आहे. नारळाचा."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद परत पुढे ओढला आणि काट मारली. मला अप्पांवर ओरडायचं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "नवीन तारीख घ्या. पुढच्या वेळी केक आमच्या किचनमधून येईल."

सई पलंगावर पाय हलवत बसली होती. डब्यातली उरलेली वडी तिने अप्पांच्या हातातून काढून घेतली आणि खायला लागली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "नाहीतर मी खाल्लं असतं का?"